मुठीत ठेवायची गोष्ट : आपलं गुपित आपल्यापाशी कसं सांभाळावं

तपासणीचा अहवाल यायला आठ दिवस लागणार होते. छातीत गाठ हाताला लागली होती, डॉक्टरांनी तिचा नमुना काढून तपासायला पाठवला होता. दवाखान्यातून घरी पोहोचेपर्यंत मी चार जणांना फोन केले. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत अकरा जणांना माहीत झालं होतं. मावशी फोनवर रडायला लागली, तिची समजूत मीच काढली. एका मैत्रिणीने तिच्या जावेचं काय झालं होतं ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांगितलं. कुणी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर पाठवला, आणि रोज संध्याकाळी "आलं का काही?" म्हणून फोन यायचे. अहवाल चांगला आला. गाठ साधी होती. पण पुढे वर्षभर माणसं भेटली की माझा हात हातात घेऊन, आवाज उतरवून विचारायची, "आता कशी आहेस गं?"

त्या आठ दिवसांत मला नीट घाबरताही आलं नाही. अकरा जणांची भीती सांभाळण्यात ते दिवस गेले. सगळ्यांचा हेतू चांगला होता, कुणाबद्दलही माझी तक्रार नाही. चूक माझी होती. गोष्ट स्वतः नीट पाहण्याआधीच मी ती वाटून टाकली.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं घरात लहानपणापासून म्हणायचे, आणि ते खरंच होतं. म्हणूनच सांगते, हे शिकता येतं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण बहुधा अब्रू राखण्याच्या अर्थाने वापरतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. मूठ झाकलेली असते तोवर ती कधी, कुणासमोर आणि किती उघडायची हे आपण ठरवतो. न सांगितलेली गोष्ट केव्हाही सांगता येते, सांगितलेली मात्र परत घेता येत नाही. मला जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी : ही गोष्ट ठेवण्यासारखी आहे का, ते ठरवा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका, कारण सगळीच गुपितं ठेवण्यासारखी नसतात. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : मी गप्प राहिले तर त्याची किंमत कोण मोजणार आहे?

किंमत फक्त मी मोजणार असेन आणि मला ती झेपणारी असेल, तर गोष्ट माझी. नव्या नोकरीचा विचार, एखादा आजार, पगाराचा आकडा, जुनं दुःख, मोडलेलं नातं, अजून कुणाला न दाखवलेलं लिखाण, कुणाला गुपचूप केलेली मदत, हे सगळं खाजगी आहे. ते सांगायला मी कुणाचीही बांधील नाही.

पण दुसरं कुणीतरी नकळत किंमत मोजत असेल, तर ती गोष्ट एकट्या माझी उरत नाही. जोडीदाराच्या भरवशावर घर चाललं आहे आणि त्याला न सांगता डोक्यावर कर्ज चढलं आहे, किंवा आपला आजार जवळच्या माणसाला लागू शकतो, अशा वेळी गप्प राहणं म्हणजे लपवाछपवी. तिला खाजगीपणाचं नाव देऊ नये.

आणि काही गोष्टी तर एक दिवसही पोटात ठेवू नयेत. कुणी तुम्हाला मारत असेल, छळत असेल, धमकावून पैसे किंवा फोटो मागत असेल, तर तुमचं गप्प राहणं हेच त्या माणसाचं हत्यार असतं. मोठ्या माणसाने लहान मुलाला "हे आईबाबांना सांगायचं नाही" असं बजावलेलं असेल, तर ते गुपित त्या मोठ्या माणसाचं असतं, मुलाचं नसतं. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर ते आजच्या आज कुणाला तरी सांगायचं असतं, डॉक्टरांना, घरच्यांना किंवा मदतीच्या हेल्पलाइनला. पुढचं काहीही या गोष्टींना लागू नाही.

उरलेल्या गोष्टींबद्दल एक भीती मात्र मनातून काढून टाका. आपलं आपल्यापाशी ठेवणारा माणूस 'आतल्या गाठीचा' असतो असं आपण ऐकत आलो आहोत. आतल्या गाठीचा माणूस समोरच्याला चकवण्यासाठी गप्प असतो. तुम्ही स्वतःला सवड मिळावी म्हणून गप्प आहात. बाहेरून दोन्ही सारखे दिसतील, पण आपण कोणत्या कारणाने गप्प आहोत हे आपलं आपल्याला पक्कं माहीत असतं.

दुसरी पायरी : सांगावंसं वाटेल तेव्हा एक रात्र जाऊ द्या

सांगण्याची ऊर्मी ओठांवर येते तेव्हा ती फार खरी वाटते. आत्ता सांगितलं नाही तर पोट फुगेल असं वाटतं. त्या क्षणी स्वतःला विचारा : सांगून मला नेमकं काय हवंय? धीर? कौतुक? सल्ला? मदत? की फक्त ओझं उतरवायचं आहे?

गाठीच्या वेळी मला धीर हवा होता. धीर एका माणसाकडूनही मिळाला असता, त्याला अकरा लागले नसते. नोकरी बदलायचा विचार मी एकदा कार्यालयातल्या सहकाऱ्यापाशी बोलले, तेव्हा मला कौतुक हवं होतं. माझी किंमत बाहेर कुणीतरी ओळखली आहे हे कुणाला तरी कळावं, एवढंच. चौथ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून विचारलं. तिकडची मुलाखत पुढे जमलीच नाही, आणि इथे मात्र मी 'जाणारी' ठरले. पुढचं सगळं वर्ष मला नवं काम मिळालं नाही.

काय हवंय हे कळलं की अर्धी ऊर्मी तिथेच ओसरते. उरलेलीसाठी एक रात्र. सकाळी उठल्यावरही सांगावंसं वाटलं तर बघू, असं म्हणायचं. माझ्या अनुभवात बऱ्याचदा सकाळी वाटत नाही.

तिसरी पायरी : गोष्ट आधी कागदाला सांगा

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या मुलांना बरं वाटलं नाही, उलट उदास वाटलं. पण घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, ती मुलं पुढच्या महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेली. नंतर अशा लेखनावर पुष्कळ काम झालं. परिणाम सगळ्यांवर सारखा दिसत नाही, पण करून पाहण्यात तोटा नाही.

करायचं असं. सुटे कागद घ्या, वही नको. वहीला कप्पा लागतो, कप्प्याला कुलूप लागतं आणि कुलूप दिसलं की कुतूहल सुरू होतं. १५ मिनिटांचं घड्याळ लावा. शुद्धलेखन, अक्षर, वाक्य पूर्ण होणं न होणं, कशाकडेही बघू नका. फक्त एक पथ्य पाळा : 'काय झालं' एवढंच लिहून थांबू नका, 'मला त्याचं काय वाटतं' हेही लिहा. चार दिवस झाले की कागद बारीक फाडून टाका.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पहिल्या दिवशी पाऊण पान भरलं, तेही सगळं दुसऱ्या माणसांबद्दल. कोण काय म्हणालं, कोण कसं वागलं. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली : 'मला भीती वाटते की मी गेल्यावर कुणाचंही अडणार नाही.' ती वाचून मी पेन खाली ठेवलं. अकरा माणसांशी तासन्‌तास बोलूनही हे माझ्या तोंडून निघालं नव्हतं, कारण समोर माणूस असला की आपण त्याला पेलेल तेवढंच बोलतो.

चौथी पायरी : उत्तरं तयार ठेवा

गुपित फुटतं ते बहुतेक वेळा अनपेक्षित प्रश्नामुळे. जेवायला बसलेलं असताना काकू सहज विचारतात, "काय, ठरलं का काही?" आणि आपण गडबडतो. गडबडलो की एक तर खोटं बोलतो, नाही तर सगळं सांगून टाकतो. दोन्ही नको असेल तर वाक्यं आधीच तयार हवीत. मोठ्याने म्हणून बघितलेली हवीत, मनात घोकलेली पुरत नाहीत. माझी काही वाक्यं देते.

मोठ्यांना : "ठरलं की तुम्हाला सांगणारच आहे, काकू. तोवर जरा थांबा."

मैत्रिणीला : "त्यावर आत्ता बोलावंसं वाटत नाहीये. पण विचारलंस, बरं वाटलं."

कामाच्या ठिकाणी : "घरगुती कारण आहे." एवढंच. पुढे 'म्हणजे काय झालं, की...' हे जोडायचं नाही.

खोदून विचारणाऱ्याला : तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा. शब्द बदलले की समोरच्याला वाटतं, दार थोडं किलकिलं झालं.

यात एकही वाक्य खोटं नाही, हे महत्त्वाचं. खोटं बोललो की ते लक्षात ठेवावं लागतं, कुणाला काय सांगितलं याची जुळवाजुळव करावी लागते आणि उघडकीला आल्यावर मूळ गोष्टीपेक्षा खोट्याचाच बभ्रा जास्त होतो. "सांगायचं नाहीये" हे पूर्ण उत्तर आहे. त्याला कारणाची जोड लागत नाही.

तीन गोष्टी मात्र टाळा. "काही नाही" असं पडलेल्या चेहऱ्याने म्हणू नका, त्याने शंका वाढते. "आहे एक गोष्ट, नंतर सांगेन" असं अर्धवट सोडू नका. हे सांगण्यापेक्षाही वाईट, कारण आता समोरचा माणूस उरलेलं स्वतःच्या मनाने भरून काढतो आणि ते भरलेलंच पुढे जातं. आणि प्रत्येक प्रश्नाला मिठाची गुळणी धरून बसू नका. दिवसभरातल्या इतर गोष्टी मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसाला एखाद्या विषयावर गप्प राहायची मुभा लोक सहज देतात.

पाचवी पायरी : बेत सांगायचा, की काम दाखवायचं?

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला या बाबतीत फार पटला. वकील व्हायची इच्छा असलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यांचा इरादा लिहायला सांगितला. काहींचा इरादा प्रयोग घेणाऱ्याने वाचून त्याची दखल घेतली, इतरांचा कुणी पाहिला नाही. नंतर अभ्यासाचं काम दिलं तेव्हा दखल घेतलेल्यांनी त्याला कमी वेळ दिला. संशोधकांचं म्हणणं असं, की 'मी असा होणार' हे दुसऱ्याने मान्य केलं की आपण थोडेसे तसे झालोच असं मनाला वाटू लागतं.

म्हणून 'मी लेखिका होणार', 'मी व्यवसाय काढणार', अशा स्वतःची ओळख बदलणाऱ्या गोष्टी बोलण्याआधी थोडं काम होऊ द्या. मी चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी वाहवा केली आणि तिसऱ्या आठवड्यात मी जाणं सोडलं. दोन वर्षांनी पुन्हा सुरू केलं ते कुणालाही न सांगता. ओला टॉवेल पिशवीच्या तळाशी, केस कोरडे करूनच घरी. घरी सांगितलं ते तलावाची पूर्ण लांबी न थांबता पार झाली त्या दिवशी.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायला हवी. हॉवर्ड क्लाइन आणि सहकाऱ्यांच्या नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं, की ज्याचं मत आपण मानतो, ज्याला आपण आपल्यापेक्षा वरचा समजतो, अशा माणसाला उद्दिष्ट सांगितलं तर चिकाटी वाढते. म्हणजे सांगायचंच असेल तर शिक्षकाला सांगा, वाहवा करणाऱ्याला नको.

सहावी पायरी : एकटेपणी त्या गोष्टीबरोबर बसायला शिका

माझ्या मते सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि लोक हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात.

कोलंबिया विद्यापीठातल्या मायकल स्लेपियन यांनी सहकाऱ्यांसोबत गुपितांवर मोठं काम केलं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात गुपितांचे ३८ प्रकार मांडले होते, आणि माणसाकडे एका वेळी सरासरी १३ प्रकारची गुपितं असतात, त्यातली ५ कुणालाच सांगितलेली नसतात, असं आढळलं. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. दुसऱ्यासमोर गुपित लपवावं लागण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे असतात. आपण एकटे असताना मन आपणहून त्या गुपिताकडे जातं, तेच कितीतरी जास्त वेळा घडतं, आणि त्रासही त्याचाच होतो.

म्हणजे खरा भार तोंडावर नसतो. तो रात्री दिवा मालवल्यावर येतो.

तेव्हा आपण काय करतो? 'आता त्याचा विचार करायचा नाही' असं स्वतःला बजावतो. हे चालत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा, असं सांगितलं. घंटी वाजतच राहिली. नंतर त्यांना विचार करायची मोकळीक दिली तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही यांच्या मनात अस्वल जास्त आलं. दाबलेला विचार दुप्पट जोराने उसळतो, हे आपल्यालाही अनुभवाने ठाऊक आहे.

मग मी असं करते. त्या विचाराला दिवसातली वेळ ठरवून देते. संध्याकाळी २० मिनिटांचं चालणं. सोबत फोन नाही, गाणी नाहीत. त्या वेळात गोष्ट मनात हवी तितकी फिरू दे. फक्त प्रश्न बदलायचा. 'असं का झालं?' हा प्रश्न गोल गोल फिरवतो. 'आता यापुढचं माझ्या हातात काय आहे?' हा प्रश्न कुठेतरी पोहोचवतो. रात्री विचार आला की त्याला म्हणायचं, उद्या संध्याकाळी. पहिले काही दिवस मन ऐकत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून थोडं ऐकायला लागतं.

आणि आपण हे का ठेवलं आहे, याचं एक वाक्य स्वतःपाशी स्पष्ट असू द्या. 'अहवाल येईपर्यंत आईची झोप उडू नये म्हणून.' 'लिखाण अजून कच्चं आहे म्हणून.' कारण स्पष्ट असलं की गुपित लाजेसारखं टोचत नाही. कारण सापडतच नसेल आणि आत फक्त लाज असेल, तर ती खूण समजा आणि पुढची पायरी लवकर गाठा.

आनंदाच्या गुपितांचं मात्र वेगळं असतं. चांगली बातमी, कुणासाठी योजलेली भेट, नुकतंच कळलेलं काहीतरी सुंदर. स्लेपियन यांच्या २०२३ च्या अभ्यासात, चांगली बातमी सांगण्याआधी थोडा वेळ स्वतःपाशी ठेवल्याने लोकांना उत्साह वाटतो असं दिसलं. तर अशी बातमी हातात आली की लगेच टाइप करू नका. एक दिवस ती फक्त तुमची असू द्या.

सातवी पायरी : सांगायचंच तर एकाच माणसाला

'षट्कर्णी' या शब्दातच सगळा हिशेब आहे. दोन माणसांचे चार कान, तिसरा आला की सहा. सहा कानांवर गेलेली गोष्ट मग कुणाचीच राहत नाही.

तो एक माणूस निवडताना प्रेमाकडे बघू नका. जी माणसं आपल्यावर सगळ्यात जास्त प्रेम करतात तीच काळजीपोटी सगळ्यात आधी इतरांना सांगतात. बघायचं ते हे, की हा माणूस तुमच्यासमोर दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टी कशा बोलतो. "तुला म्हणून सांगते हं" असं म्हणून ज्याने तुम्हाला तिसऱ्याचं काही सांगितलं, तो तुमचंही असंच सांगणार. ज्याच्याशी दहा वर्षं मैत्री आहे आणि तरी त्याच्या भावाच्या संसारातलं तुम्हाला काहीच माहीत नाही, तो तुमचा माणूस.

सांगण्याआधी अटी सांगा, नंतर नको. "मला फक्त ऐकून घ्यायला हवंय, सल्ला नको. आणि हे घरीही बोलायचं नाही, चालेल का?" घरी बोलू नको, हे वेगळं सांगावंच लागतं, कारण जोडीदाराला सांगणं म्हणजे कुणाला सांगणंच नव्हे, असं बऱ्याच जणांना प्रामाणिकपणे वाटतं. त्याने नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्याचं गुपित हेही ओझंच असतं आणि ते नाकारायचा त्याला हक्क आहे.

असा माणूस जवळ नसेल तर समुपदेशक आहेत. गोपनीयता पाळणं त्यांच्या व्यवसायाचाच भाग असतो. कुणाच्या जिवाला धोका असेल तर ती कुठे संपते, हे ते पहिल्याच भेटीत सांगतात. नाही सांगितलं तर विचारा.

फोनबद्दल थोडं

बंद स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा. घरातल्या सामायिक खात्यावर फोटो आपोआप जातात का, एका उपकरणावर शोधलेलं दुसऱ्यावर दिसतं का, तुमचं लोकेशन कुणासोबत सुरू आहे, हे एकदा बसून तपासा. आपोआप नाहीसे होणारे संदेशही वाचणारा स्क्रीनशॉट काढून ठेवू शकतो किंवा दुसऱ्या फोनने त्याचा फोटो घेऊ शकतो. मनातली गोष्ट सांगायची तर समोरासमोर, नाही तर फोनवर बोलून. लेखी नको.

गोष्ट फुटलीच तर

कुणी फोडली याचा शोध आधी लावत बसू नका. त्याआधी ज्यांना ती तुमच्या तोंडूनच कळायला हवी अशी दोन-तीन माणसं आठवा आणि त्यांना लगेच स्वतः सांगा, थोडक्यात. "तुला बाहेरून कळण्याआधी सांगायचं होतं, उशीर झाला." इतरांनी विचारलं तर नाकारू नका, तपशीलही देऊ नका. "हो, खरं आहे. त्यावर जास्त बोलायचं नाहीये." विषयाला इंधन मिळालं नाही की तो विझतो.

ज्याने फोडलं त्याच्याशी एकदाच, एकांतात बोला. "मी विश्वासाने सांगितलं होतं. ते पुढे गेल्याचं मला लागलं." त्याचं स्पष्टीकरण ऐकून घ्या. मैत्री ठेवायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण पुढची खाजगी गोष्ट त्या दारी नेऊ नका.

शेवटची पायरी : प्रत्येक गुपितावर एक तारीख घाला

ठेवताना ठरवा, की हे केव्हा परत तपासायचं. 'अहवाल आल्यावर.' 'सहा महिन्यांनी.' त्या दिवशी पहिल्या पायरीवरचा प्रश्न पुन्हा विचारायचा : किंमत कोण मोजतंय? परिस्थिती बदललेली असते. काही गोष्टी सांगायची वेळ आलेली असते, काहींना नवी तारीख मिळते आणि काहींचं आता काहीच वाटत नाही.

गेल्या वर्षी मला पुन्हा एक गाठ लागली. पुन्हा नमुना, पुन्हा आठ दिवस. या वेळी फक्त नवऱ्याला सांगितलं, आणि काय नको तेही सांगितलं. रोज संध्याकाळी चालायला गेले. चौथ्या दिवशी एका बाकावर बसून पोटभर रडले, तेव्हा शेजारी समजूत काढायला कुणी नव्हतं आणि कुणी हवंही नव्हतं. सहाव्या दिवशी आईचा फोन आला, तिच्या गुडघ्याबद्दल अर्धा तास बोललो. नववा दिवस उजाडला, अहवाल आला, चांगला होता. तारीख संपली होती, म्हणून मी आईला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "परवा आपण बोललो तेव्हा तुझा आवाज किती शांत होता गं."